मापात पाप: पायलीचे किलो कसे झाले?

आजचा भाग जरा हिशोबाचा आहे, पण घाबरू नका. गुणाकार-भागाकाराच्या पुढं आपण जाणार नाही. ऐकून झाल्यावर ज्यांना आकडे पुन्हा बघायचे असतील, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. एक पायली ज्वारी म्हणजे किती किलो?

हा प्रश्न पारनेर, जामखेड किंवा शेवगावच्या एखाद्या पारावर टाकून बघा. कुणी म्हणेल साडेतीन किलो, कुणी चार, कुणी म्हणेल, "आमच्याकडची पायली मोठी असते." मग दुसरा प्रश्न टाका: एक पायली बाजरी म्हणजे किती? आणि एक पायली भुईमुगाच्या शेंगा? आता तर उत्तरं आणखीच फाटतील. गंमत म्हणजे यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. पायली हे वजनच नाही. पायली म्हणजे भांड्यात मावेल तेवढी जागा, म्हणजे आकारमान. आणि किलो म्हणजे वजन, शास्त्राच्या भाषेत वस्तुमान. या दोघांच्या मधे एक तिसरी गोष्ट उभी असते. तिचं नाव घनता. तिला न विचारता पायलीचे किलो करता येत नाहीत. आणि जिथं तिला विचारलं गेलं नाही, तिथं कुणाचं तरी नुकसान झालं.

खळ्यावरचं गणित

आधी जुनी मापं समजून घेऊ. आपल्या भागात धान्य मापायची शिडी साधारण अशी होती: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अडशिरी, दोन अडशिऱ्या म्हणजे एक पायली. पुढं पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. मण किती पायल्यांचा, यावर मात्र एकमत नव्हतं. कुठं बारा, कुठं सोळा. चिपट्याच्या खालीही कोळवं, निळवं अशी बारकी मापं होती.

बघा, सगळी शिडी दोनाच्या पटीत चढते. निम्मं, निम्म्याचं निम्मं. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हा हिशोब बोटावर करता यायचा. आणि खळ्यावर काटा कुठून आणणार? मोठा तराजू, वजनाचे दगड, तो टांगायला तिकाटणं, हे सगळं वाहून नेण्यापेक्षा एक लाकडी किंवा पत्र्याचं माप सोपं. उफणणी झाली, रास पडली, की मापारी बसायचा आणि माप भरभरून ओतायचा. बलुतेदारांचा वाटा तिथंच मापून दिला जायचा.

मोजताना पहिल्या मापाला "एक" म्हणत नसत, "लाभ" म्हणत. लाभ, दोन, तीन... रास मोजायला सुरुवात करायची ती शुभ शब्दानं. नव्या नवरीनं उंबऱ्यावरचं तांदळाचं माप लवंडून घरात यायचं, तेही याच मापाचं कौतुक. माप म्हणजे घरातली लक्ष्मी.

आणि आपण रोज वापरतो तो एक शब्दप्रयोगही इथूनच आलाय. "उत्साह शिगेला पोचला" असं आपण म्हणतो ना? शीग म्हणजे माप काठोकाठ भरल्यावर वर जो धान्याचा ढीग उभा राहतो, तो. माप दोन प्रकारे भरता येतं. काठावरून पट्टी फिरवून सपाट, नाहीतर वर ढीग राहील असं शिगोशीग. आपली गोष्ट या दोन प्रकारांच्या मधेच अडकली आहे.

शिगेचा फरक किती?

अंदाजाने नको, मोजून बघू. समजा एक गोल भांडं आहे, २० सेंटिमीटर व्यासाचं, आत ४ लिटर मावेल असं. त्यात ज्वारी ओतली. काठाच्या वर ज्वारीचा शंकू उभा राहतो. कोरड्या, गोल दाण्याचा ढीग साधारण ३० अंशाच्या उतारावर थांबतो, त्याहून उभा केला की दाणे घरंगळतात. म्हणजे या शंकूची उंची येते पावणेसहा सेंटिमीटरच्या आसपास आणि त्यात मावते सुमारे ०.६ लिटर ज्वारी. चार लिटरवर ०.६ लिटर. झाले १५ टक्के! भांडं आणखी पसरट असेल तर शीग अजून मोठी.

आता हे १५ टक्के सावकारीत घाला. धान्याचं कर्ज देण्याची जुनी रीत होती सवाई आणि दिढी. पेरणीच्या वेळी दहा पायल्या न्यायच्या, सुगीला सवाईने साडेबारा परत करायच्या किंवा दिढीने पंधरा. सवाई म्हणजे उघड उघड २५ टक्के वाढ. पण देताना माप सपाट आणि घेताना शिगोशीग असेल तर? दहा सपाट पायल्या म्हणजे आपल्या भांड्याने ४० लिटर. साडेबारा शिगेच्या पायल्या म्हणजे साडेसत्तावन्न लिटर. वाढ झाली जवळपास ४४ टक्के. बोलताना दोन्ही वेळा शब्द एकच, पायली. कागदावरही तोच आकडा. फरक फक्त हाताच्या फटकाऱ्यात. "मापात पाप" ही म्हण उगाच नाही तयार झाली.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांचा उठाव झाला. तो पसरत आपल्या जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या भागांत आला. इतिहासात यालाच दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांनी प्रामुख्याने सावकारांकडचे कर्जाचे दस्तऐवज हिसकावले आणि जाळले. कारणं बरीच होती: कापसाचे उतरलेले भाव, वाढवलेला शेतसारा, कोर्टाचे हुकूमनामे आणि जमिनी हातातून जाण्याची भीती. दंगे मापामुळे झाले असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण जो माणूस लिहिलेलं वाचू शकत नव्हता आणि ज्याच्या धान्याचं माप दुसऱ्याच्या हातात होतं, त्याला हिशोबावर विश्वास ठेवायला काही कारणच उरलं नव्हतं. पुढं १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला.

घनता म्हणजे नेमकं काय?

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडं येऊ. घनता म्हणजे ठरावीक जागेत किती वजन मावतं. सूत्र एवढंच:

वजन = आकारमान × घनता

आपलं तेच ४ लिटरचं भांडं घ्या, सपाट भरलेलं. ज्वारीची घनता साधारण ०.७५ किलो प्रति लिटर. म्हणजे ४ गुणिले ०.७५, झाली ३ किलो. बाजरीचा दाणा बारीक, एकमेकांत घट्ट बसतो, म्हणून साधारण ०.८. तीच पायली ३.२ किलोची. गहू या दोघांच्या मधे कुठंतरी. आणि भुईमुगाच्या शेंगा? टरफलात हवा, शेंगेशेंगेत हवा. घनता जेमतेम ०.३, म्हणजे भांडंभर शेंगा कशाबशा सव्वा किलो.

इथं एक बारकावा आहे. ही घनता एकट्या दाण्याची नाही, दाणे आणि त्यांच्या मधली हवा दोन्ही मिळून आलेली आहे. एकटा ज्वारीचा दाणा पाण्यात टाका, बुडतो. म्हणजे तो पाण्यापेक्षा जड. पण मापात भरलेली ज्वारी पाण्यापेक्षा हलकी, कारण मापात हवाही विकत घेतली जाते. ती हवा किती, हे भरणाऱ्याच्या हातात असतं. अलगद ओतलं तर दाणे सैल बसतात. माप आपटून, हलवून भरलं तर दाणे दबतात आणि त्याच मापात जास्त वजन जातं. म्हणजे विकणारा माप आपटणार नाही आणि घेणारा आपटायला सांगणार. शीग सोडली तरी भांडण उरतंच.

शेर दोन, मण तीन

मग वजनानेच का नाही व्यवहार केला, असं तुम्ही विचाराल. वजनाचाही तेवढाच घोळ होता. शेरच दोन होते, मापी शेर आणि वजनी शेर. पहिला भांड्याचा, दुसरा तराजूचा. नाव एकच, वस्तू वेगळ्या. मणाचं तर विचारूच नका. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आसपास. मद्रासचा २५ पौंडांचा. आणि बंगालकडचा मण सव्वासदतीस किलोहून थोडा जास्त. व्यापाऱ्याने "मण" म्हटलं की आधी विचारायचं, कुठला?

एकवाक्यता आणायचा प्रयत्न इंग्रजांच्या काळात झाला. १८३३ मध्ये कंपनी सरकारने रुपयाचं वजन १८० ग्रेन ठरवलं आणि तोच तोळ्याचा आधार झाला. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. मुंबई इलाख्याने १९३२ मध्ये स्वतःचा वजनमापांचा कायदा केला. १९३९ मध्ये केंद्राचा कायदा आला: ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. हिशोब केला तर शेर ९३३ ग्रॅमचा आणि मण ३७.३२ किलोचा. कागदावर सुटसुटीत. बाजारात मात्र जुनं ते सोनं चालूच होतं.

१९५६: किलो आला

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये संसदेने प्रमाणित वजन आणि मापांचा कायदा मंजूर केला. आधी पैसा बदलला: १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला आणि सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर पैसे झाले. मग १ ऑक्टोबर १९५८ पासून काही ठरावीक क्षेत्रांत मेट्रिक वजनं सुरू झाली आणि १९६२ च्या सुमारास ती देशभर सक्तीची झाली. लक्षात घ्या, हे सुरू झालं तेव्हा महाराष्ट्र राज्य अजून जन्मायचं होतं. आपलं नगर तेव्हा मुंबई राज्यात होतं.

आता या बदलातला खरा पेच बघा. शेराचे किलो करणं सोपं. ०.९३३ ने गुणा, संपलं. सोनं असो, साखर असो, सुतळी असो, आकडा एकच, कारण वजनाचं वजन करायचंय. पायलीचे लिटर करणंही सोपं, भांडं मोजलं की झालं. पण पायलीचे किलो? त्याला एक आकडा असूच शकत नाही. ज्वारीला वेगळा, बाजरीला वेगळा, शेंगांना वेगळा. आणि ज्वारीतही टपोऱ्या दाण्याला वेगळा, दुष्काळातल्या पोचट दाण्याला वेगळा. ज्या घराचा सगळा व्यवहार पायलीत होता (सालगड्याची चंदी, बलुत्याचा वाटा, उसनवारी), त्या घरासाठी नवं एकक आलं म्हणजे नुसतं नाव बदललं नाही, मोजायची गोष्टच बदलली. काल जागा मोजत होतो, आज भार मोजायला लागलो.

बाजार समितीत धान्य काट्यावर गेलं आणि शिगेचा वाद एका फटक्यात संपला. काट्याला शीग नसते. माप आपटा नाहीतर अलगद ठेवा, वजन तेच. शेतकऱ्याच्या बाजूने हा मोठा विजय होता. पण जुनी माणसं आणि जुने शब्द टिकून राहिले. मार्केट यार्डात वजन करणाऱ्याला आजही मापाडीच म्हणतात. हातातलं माप गेलं, काटा आला, नाव तेच राहिलं.

एक लिटर म्हणजे एक किलो?

आता एक सवय तपासू. आपल्याला सगळ्यांना मनातून वाटतं की एक लिटर म्हणजे एक किलो. ही समजूत आली कुठून?

ती आली फ्रान्सहून. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९५ मध्ये तिथं ठरलं की एक घन सेंटिमीटर पाण्याचं वजन म्हणजे एक ग्रॅम. १७९९ मध्ये किलोचं प्रमाणित वजन तयार झालं, ते ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यावरून, कारण त्या तापमानाला पाणी सर्वात घट्ट असतं. म्हणजे लिटर आणि किलो यांची गाठ मुळातच पाण्याने बांधलेली आहे. १९०१ ते १९६४ या काळात तर लिटरची व्याख्याच "एक किलो पाण्याला लागणारी जागा" अशी होती. २०१९ पासून किलो पाण्यावरही नाही आणि धातूच्या ठोकळ्यावरही नाही, प्लँकच्या स्थिरांकावर ठरतो. पण रोजच्या कामाला पाण्याचा नियम अजून पक्का आहे.

त्याचा एक मजेदार उपयोग करू. अकोले तालुक्यातलं भंडारदरा धरण १९२६ चं. त्याची साठवणक्षमता सुमारे ११ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजेच २८.३ किलो पाणी. गुणाकार करा: भरलेल्या भंडारदऱ्यातल्या पाण्याचं वजन येतं ३१ कोटी टनांच्या घरात! इथं घनतेचा विचार न करता उत्तर मिळालं, कारण पाण्याची घनता एक आहे. एकाने गुणलं काय, न गुणलं काय.

पण हा मान फक्त पाण्याचा. दुधाला तो लावला की पैसे इकडचे तिकडे होतात.

दुधाचे तीन टक्के

नगर जिल्ह्यात दूध म्हणजे महिन्याचा पगार. दूध पाण्यापेक्षा किंचित जड: गाईचं लिटर साधारण १.०२८ ते १.०३० किलो, म्हशीचं त्याहून थोडं जास्त. हिशोबाला आपण १.०३ धरू. २० लिटर दुधाचं वजन झालं २०.६ किलो.

आता काळजीपूर्वक ऐका. दर किलोचा आहे आणि दूध लिटरने मोजून "२० किलो" लिहिलं, तर उत्पादकाचे ०.६ किलो गेले. उलट दर लिटरचा आहे आणि काट्यावरचे २०.६ किलो तसेच लिटर म्हणून लिहिले, तर नुकसान केंद्राचं. म्हणजे किलोचे लिटर करताना १.०३ ने भागायचं, लिटरचे किलो करताना १.०३ ने गुणायचं. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला लिटरमागे ३४ रुपये किमान दर जाहीर केला होता. त्या भावाने ०.६ चे होतात २० रुपये ४० पैसे. रोजचे. वर्षाचे झाले ७ हजार ४४६ रुपये. दोन गाईंच्या घरात ही रक्कम लहान नाही.

घनतेचं दुसरं काम म्हणजे भेसळ पकडणं. लॅक्टोमीटर दुधात तरंगतो आणि २८ दाखवतो, म्हणजे घनता १.०२८. दूध १.०३० चं असेल आणि त्यात १० टक्के पाणी घातलं, तर घनता उतरते १.०२७ वर. पकडलं! पण थांबा. साय ही दुधातली सर्वात हलकी गोष्ट. साय काढली की दूध जड होतं. मग थोडी साय काढायची आणि थोडं पाणी घालायचं, लॅक्टोमीटर पुन्हा जागेवर! म्हणून नुसत्या घनतेवर भागत नाही, फॅट वेगळी मोजावी लागते. स्वित्झर्लंडच्या निकोलाउस गर्बर यांनी १८९१ मध्ये त्याची सोपी पद्धत काढली आणि ती जगभरच्या डेअऱ्यांत पोचली. आणि हो, दूध कोमट असेल तर घनता कमी दिसते, त्यामुळे तापमानाची दुरुस्ती न करता आकडा लिहिला तर चोख दूधही पातळ ठरतं.

१ जून २०१७ ला राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संपाची हाक गेली आणि राज्यभर दूध रस्त्यावर ओतलं गेलं. संपाच्या मागण्या मोठ्या होत्या, कर्जमाफी आणि हमीभावाच्या. पण भाव कितीही ठरला तरी तो शेवटी कशाने तरी गुणला जातो. गुणायचा आकडा कुठला, लिटरचा की किलोचा, हे ज्याला कळत नाही त्याला ठरलेला भावही पूर्ण मिळत नाही.

तेलाचा डबा आणि ओला सोयाबीन

आता तुमच्या स्वयंपाकघरात येऊ. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं, घनता साधारण ०.९१. दुकानात तेलाचे डबे दोन जातींचे असतात, १५ किलोचे आणि १५ लिटरचे. पंधरा लिटर म्हणजे १५ गुणिले ०.९१, साडेतेरा किलोच्या थोडं वर. दोन्ही डब्यांत जवळपास १.३५ किलोचा फरक! लिटरचा डबा स्वस्त दिसला म्हणून उचलू नका, आधी दोघांचा किलोचा भाव काढा.

शिवाय तेल तापलं की फुगतं. सोयाबीन तेलाचं एक लिटर २१ अंशाला सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशाला सुमारे ८९३. पाकिटावर लिटरपुढं जास्त तापमान छापलं की आत कमी तेल घालूनही लिटर पूर्ण होतो. म्हणून २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना सांगितलं की तापमानाचा उल्लेख काढा आणि लिटरबरोबर वजनही छापा. शिगेचीच ही नवी आवृत्ती म्हणायची, फक्त दिसत नाही.

मग काटा आला म्हणजे सगळं साफ झालं का? नाही. काट्याला शीग कळत नाही, तसं पाणीही कळत नाही. ओल्या धान्याचं वजन जास्त भरतं, म्हणून बाजारात ओलाव्याचं यंत्र आलं. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट असते, नोव्हेंबर २०२४ मध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. आणि गव्हाच्या व्यापारात अजूनही शंभर लिटरच्या जागेत किती किलो गहू बसतो हे बघतात. दाणा टपोरा असेल तर आकडा चढतो, पोचट असेल तर उतरतो. म्हणजे जुन्या मापाला जी गोष्ट कळायची ती काट्याला एकट्याने कळत नाही. जागा आणि वजन, दोन्ही हातात घेतले की दाण्याचा खरा कस समजतो.

घरी एक प्रयोग करून बघा. एक लिटरची कोरडी बाटली घ्या, ज्वारीने काठोकाठ भरा, ती ज्वारी काट्यावर ओता. मग तीच बाटली बाजरीने, मग शेंगदाण्याने. मोबाईलमध्ये तीन आकडे लिहून ठेवा. आणि घरात आजीची पायली अजून कोठीत असेल, तर तिच्यात किती लिटर पाणी बसतं ते मोजा. तुमच्या गावच्या पायलीचे किलो किती, हे मग पारावर पैज लावून सांगता येईल. आकडे आले की तालुक्याच्या नावासकट आम्हाला कळवा, पुढच्या एखाद्या भागात सगळ्या पायल्या शेजारी शेजारी ठेवू.

भेटू पुढच्या भागात. तोवर, राम राम!